'यावा', 'येईल', 'येणार म्हणे' आणि 'आला' : फुटबॉलच्या अफवांमधून मुलांना बातमी वाचायला शिकवूया



चौथी-पाचवीच्या वर्गात आता क्रिकेटच्या बरोबरीने फुटबॉलच्याही गप्पा चालतात. कोल्हापुरात तालमींच्या संघांमुळे फुटबॉल पूर्वीपासूनच घराघरात आहे. बाकी बऱ्याच ठिकाणी तो मोबाईलच्या पडद्यातून आला. मुलांना युरोपातल्या क्लबांची नावं, खेळाडूंचे जर्सी नंबर तोंडपाठ असतात. त्याचबरोबर एक वाक्य वारंवार कानावर येतं, "मॅडम, त्यांचा कोच बदलणार, नक्की झालंय!" कुणी सांगितलं म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "व्हिडिओत होतं."

आजचा पाठ या 'नक्की झालंय' बद्दल आहे. बातमी कशाला म्हणायचं, अंदाज कशाला म्हणायचं आणि आपल्या मनातली इच्छा बातमीचे कपडे घालून कशी येते, हे मुलांना समजावं म्हणून मी फुटबॉलमधलं एक खरं उदाहरण घेतलं आहे. ते घेण्याचं कारण सोपं आहे. या गोष्टीचा शेवट आता सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कोण बरोबर होतं आणि कोण चुकलं हे तारखा लावून तपासता येतं. रोजच्या अफवांच्या बाबतीत अशी सोय नसते.

आधी थोडी पार्श्वभूमी

ज्यांना फुटबॉलची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. इंग्लंडमधल्या फुटबॉलमध्ये 'मॅनेजर' म्हणजे ऑफिसातला व्यवस्थापक नव्हे. तो संघाचा मुख्य प्रशिक्षक असतो. कोणता खेळाडू खेळेल, कसं खेळायचं, सराव कसा घ्यायचा हे तो ठरवतो. आपल्या भाषेत सांगायचं तर संघाचा वर्गशिक्षकच म्हणा ना. जूनमध्ये शाळा उघडताना 'आपल्या वर्गाला कोण येणार?' म्हणून मुलं जशी कासावीस होतात, तसेच नवा मॅनेजर कोण येणार म्हणून चाहते होतात. हे साम्य मुलांना सांगितलं की त्यांना विषय पटकन कळतो.

आपलं उदाहरण आहे लिव्हरपूल या इंग्लिश क्लबचं, वर्ष २०२४. तिथे युर्गन क्लॉप हे जर्मन मॅनेजर ऑक्टोबर २०१५ पासून होते. त्यांच्या काळात क्लबने २०१९ मध्ये युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली आणि २०१९-२० च्या मोसमात तब्बल ३० वर्षांनी इंग्लंडचं लीग विजेतेपद मिळवलं. चाहत्यांचा त्यांच्यावर केवढा जीव असेल याची कल्पना करा.

काय घडलं? तारखांप्रमाणे पाहू

हा भाग फळ्यावर तारखा लिहूनच शिकवा. तारखा समोर असल्या की मुलं स्वतःच बोलू लागतात.

२६ जानेवारी २०२४ : क्लबने क्लॉप यांचा व्हिडिओ प्रसिद्ध केला. मोसम संपल्यावर आपण जाणार असं त्यांनी सांगितलं. सगळे थक्क झाले. इथे एक बारीक गोष्ट आहे. आपण हा निर्णय क्लबला आधीच, नोव्हेंबर महिन्यातच कळवला होता, असं क्लॉप यांनी सांगितलं. म्हणजे जवळजवळ दोन महिने ही बातमी अस्तित्वात होती आणि ती बाहेर कुणालाच कळली नव्हती. रोज 'आतली खबर' देणाऱ्यांनाही नाही! मुलांना इथे थांबवून विचारा, "ज्यांना एवढी मोठी गोष्ट कळली नाही, त्यांना पुढच्या मॅनेजरचं नाव दुसऱ्याच दिवशी कसं कळलं?"

जानेवारीअखेर ते मार्च : लगेच नावं सुरू झाली. सर्वांत पुढे होतं झाबी अलोन्सो यांचं नाव. कारणंही तशीच होती. ते २००४ ते २००९ या काळात लिव्हरपूलकडून खेळले होते. २००५ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात संघ ०-३ असा मागे असताना बरोबरीचा तिसरा गोल त्यांनीच केला होता. आता जर्मनीतल्या बायर लेव्हरकुसेनचे प्रशिक्षक म्हणून त्यांचा संघ त्या मोसमात एकही सामना हरला नव्हता. जुना लाडका खेळाडू, आज यशस्वी प्रशिक्षक, आणि घरची जागा रिकामी! गोष्ट इतकी छान जुळत होती की ती खरीच असणार, असं लोकांना वाटू लागलं.

१२ मार्च : मायकल एडवर्ड्स यांची क्लबच्या मालक कंपनीने फुटबॉलचे प्रमुख म्हणून नेमणूक केली. पाठोपाठ २० मार्चला रिचर्ड ह्यूज हे नवे क्रीडा संचालक असतील असं जाहीर झालं. नव्या मॅनेजरच्या निवडीची मुख्य जबाबदारी या दोघांवर आली. आता फळ्यावरच्या तारखा मोजा. २६ जानेवारी ते १२ मार्च, म्हणजे ४६ दिवस. निवड करणारी माणसंच अजून नेमली गेली नव्हती, आणि तोवर निवड 'जवळपास निश्चित' झाल्याच्या गप्पा रंगल्या होत्या!

२९ मार्च : अलोन्सो यांनी लेव्हरकुसेनच्या पत्रकार परिषदेत सांगून टाकलं, मी इथेच राहणार. पुढे १४ एप्रिलला त्यांच्या संघाने क्लबच्या इतिहासातलं पहिलं जर्मन लीग विजेतेपद मिळवलं. लिव्हरपूलच्या चाहत्यांची दोन महिन्यांची गोष्ट एका दुपारी संपली.

एप्रिलची सुरुवात : आता नवं नाव पुढे आलं, रुबेन आमोरिम. पोर्तुगालमधल्या स्पोर्टिंग या क्लबचे तरुण प्रशिक्षक. त्यांच्याशी लिव्हरपूलचा तोंडी करार झाला आहे, अशी बातमी जर्मनीतल्या एका क्रीडा वाहिनीने दिली आणि ती जगभर पसरली. आमोरिम यांनी पत्रकारांसमोर स्पष्ट सांगितलं, मुलाखत झालेली नाही आणि करारही झालेला नाही.

२२ एप्रिल : हेच आमोरिम विमानाने लंडनला गेले. लिव्हरपूलसाठी नव्हे, तर वेस्ट हॅम या दुसऱ्याच क्लबशी बोलायला! त्यांचा स्वतःचा संघ तेव्हा विजेतेपदाच्या अगदी जवळ होता. अशा वेळी जायला नको होतं, अशी जाहीर कबुली त्यांनी नंतर दिली. तेही नेमणुकीविनाच परत गेले.

२५ एप्रिलच्या सुमारास : नेदरलँड्समधल्या फेयेनूर्ड क्लबचे प्रशिक्षक आर्ने स्लॉट यांनी स्वतःच सांगितलं की दोन क्लबांमध्ये बोलणी चालू आहेत आणि आपल्याला लिव्हरपूलला जायला आवडेल.

१७ मे : स्लॉट यांनी पत्रकार परिषदेत आपण जाणार असल्याचं नक्की केलं. १९ मे रोजी क्लॉप यांचा शेवटचा सामना झाला. सामन्यानंतर निरोप घेताना त्यांनी स्वतः नव्या मॅनेजरच्या नावाचं गाणं म्हणून प्रेक्षकांना ते म्हणायला लावलं. २० मे रोजी क्लबने स्लॉट यांची नेमणूक अधिकृतपणे जाहीर केली.

२६ जानेवारी ते २० मे, एकूण ११५ दिवस. (२०२४ हे लीप वर्ष होतं. दिवस मोजण्याची ही गणिताची चांगली कृती होते, मुलांनाच मोजू द्या.) आणि पुढे काय झालं? 'हा कोण स्लॉट?' असं विचारणाऱ्या कितीतरी चाहत्यांनी २७ एप्रिल २०२५ रोजी टॉटनहॅमवर ५-१ असा विजय मिळवून लीग विजेतेपद पटकावणारा आपला संघ पाहिला. पहिल्याच वर्षी!

अफवा तयार कशी होते?

'अफवा म्हणजे कुणीतरी मुद्दाम बोललेलं खोटं' असं आपण मुलांना सांगतो. ते अर्धंच खरं आहे. वरच्या गोष्टीत एकही खलनायक नसला तरी अफवा तयार झाली असती. कशी, ते पाहू.

१) रिकामी जागा. क्लब गप्प असतो. त्याला गप्प राहावंच लागतं, कारण ज्या प्रशिक्षकाला आणायचं तो दुसऱ्या क्लबशी करारात बांधलेला असतो. नुकसानभरपाईची बोलणी व्हायची असतात. पण वाचक मात्र रोज सकाळी नवीन काहीतरी शोधतो. वर्तमानपत्राचं पान आणि संकेतस्थळ रिकामं ठेवता येत नाही. माहिती नसली की त्या जागी अंदाज येऊन बसतो.

२) सट्ट्याचं वर्तुळ. इंग्लंडमध्ये खेळांवर पैसे लावणं कायदेशीर आहे. 'पुढचा मॅनेजर कोण' यावरही तिथल्या कंपन्या भाव लावतात. एखादं नाव चर्चेत आलं की लोक त्यावर पैसे लावतात, की त्या नावाचा भाव बदलतो. भाव बदलला की त्याचीच बातमी होते, 'अमुक आता सर्वांत पुढे'. ती बातमी वाचून आणखी लोक पैसे लावतात. हे वर्तुळ फळ्यावर बाणांनी काढून दाखवा. या वर्तुळात क्लबचा एकही माणूस नाही, तरी ते फिरत राहतं.

३) कुणाचा तरी फायदा. प्रशिक्षकांचे एजंट असतात. मोठ्या क्लबशी नाव जोडलं गेलं की आहे त्या क्लबकडून पगार वाढवून मिळवायला मदत होते. त्यामुळे प्रत्येक 'आतल्या खबरी'बद्दल एक प्रश्न विचारायला मुलांना शिकवा. ही गोष्ट बाहेर आल्याने कुणाचं भलं होतं?

४) चाहत्यांची स्वतःची मेहनत. हो, चाहतेही अफवा तयार करतात. कोणत्या प्रशिक्षकाने कोणता फोटो लाईक केला, कोणतं खासगी विमान कुठून उडालं, हे बघायला विमानांचा माग दाखवणारी ॲप्स लावून बसणारे लोक आहेत. विमान उडालं हे खरं असतं. त्यात कोण बसलंय आणि कशासाठी, हे मात्र आपण आपल्या मनाने भरतो. आमोरिम यांचं उदाहरण मुलांना इथे आठवून द्या. विमान खरं होतं, लंडनही खरं होतं, आणि तरी लिव्हरपूल त्यात नव्हतं.

५) गळून पडणारं लेबल. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बीबीसीच्या क्रीडा पानावर रोज वेगवेगळ्या वर्तमानपत्रांतल्या अफवा एकत्र करून दिल्या जातात. त्या सदराचं नावच 'गॉसिप' आहे, म्हणजे 'ही कुजबुज आहे' असं ते आधीच सांगतात. पण कुणी त्यातल्या एका ओळीचा स्क्रीनशॉट काढतो, तो ग्रुपवर टाकतो, आणि तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचेपर्यंत 'बीबीसीने सांगितलंय' एवढंच उरतं. डबा तोच राहिला, वरचं लेबल निघून गेलं.

आपल्यालाही हे काही नवीन नाही. बदल्यांच्या दिवसांत आपल्याच ग्रुपवर किती 'अंतिम याद्या' फिरतात! एकीवर सही नसते, दुसरीवर तारीख नसते, तिसरी मागच्या वर्षीची असते. तरी आपण प्रत्येक यादी उघडून आपलं नाव शोधतोच. तेव्हा चाहत्यांना हसण्याआधी स्वतःकडे पाहायला हरकत नाही. ज्या गोष्टीत आपला जीव अडकलेला असतो, तिथे शहाणी माणसंही फसतात. मुलांना दोष न देता हा पाठ शिकवायचा तो यासाठीच.

मराठी आपल्याला काय देते?

आता मुख्य पाठाकडे येऊ. बातमी तपासण्याचं एक छान साधन आपल्या भाषेतच आहे, ते म्हणजे क्रियापद. एकच वाक्य चार प्रकारे पाहा.

अलोन्सो यावा. ही इच्छा आहे. व्याकरणात याला विध्यर्थ म्हणतात.

अलोन्सो येईल. हा भविष्यकाळ आहे, म्हणजे बोलणाऱ्याचा अंदाज. सोबत 'बहुतेक', 'कदाचित' असेल तर अंदाज प्रामाणिक आहे.

अलोन्सो येणार म्हणे. ही ऐकीव गोष्ट आहे. 'म्हणे' हा केवढा छोटा शब्द! पण 'हे मी पाहिलेलं नाही, मी फक्त ऐकलंय' असं तो सांगून टाकतो.

स्लॉट आले. क्लबने जाहीर केलं. ही बातमी आहे. कुणी सांगितलं आणि कधी, हे दोन्ही इथे कळतं.

आता अफवेचा प्रवास बघा. पहिला माणूस म्हणतो, 'यावा बुवा एकदाचा.' दुसरा म्हणतो, 'येईल, जुना खेळाडू आहे आपला.' तिसरा म्हणतो, 'येणार म्हणे.' चौथा घाईत 'म्हणे' विसरतो आणि म्हणतो, 'येणार!' पाचवा त्याच्यापुढे 'नक्की' जोडतो. या पाच जणांत खोटं कुणीच बोललं नाही. प्रत्येकाने क्रियापदाचं रूप जरासं पुढे सरकवलं, एवढंच. इच्छा चालत चालत बातमी झाली.

मुलांना हे पाच जण होऊन वर्गात उभं करा. प्रत्येकाला एक वाक्य द्या. खूप हसतात, आणि विध्यर्थ त्यांच्या कायमचा लक्षात राहतो.

वर्तमानपत्रांची भाषाही इथेच वाचून घ्या. 'समजते', 'सूत्रांच्या माहितीनुसार', 'चर्चेला उधाण', 'जवळपास निश्चित' हे सगळे 'म्हणे'चे मोठे भाऊ आहेत. शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर तेही तसंच. 'अलोन्सो लिव्हरपूलला जाणार?' या शीर्षकात वर्तमानपत्र आपल्यालाच विचारतंय. ज्याला उत्तर माहीत असतं तो प्रश्न विचारत नाही.

कृती : चार डबे

साहित्य : चार रिकामे डबे किंवा खोके, कागदाच्या चिठ्ठ्या, स्केचपेन.

डब्यांवर लिहा : इच्छा (यावा), अंदाज (येईल), ऐकीव (येणार म्हणे), बातमी (आला). गटात चार-पाच मुलं घ्या. प्रत्येक गटाने चिठ्ठी वाचून ती कोणत्या डब्यात टाकायची ते ठरवायचं आणि कारण सांगायचं. कारणाशिवाय चिठ्ठी टाकता येणार नाही हा नियम पक्का ठेवा. चिठ्ठ्यांचा नमुना असा :

• क्लॉप मोसम संपल्यावर जाणार, असं त्यांनी स्वतः व्हिडिओत सांगितलं.
• अलोन्सो इथे खेळले आहेत, म्हणून तेच येतील.
• अलोन्सो आले तर काय मजा येईल!
• आमोरिम यांच्याशी तोंडी करार झाल्याचे समजते.
• करार झालेला नाही, असं आमोरिम यांनी सांगितलं.
• उद्या पावसामुळे शाळेला सुट्टी आहे म्हणे.
• मुख्याध्यापकांनी सुट्टीची सूचना फलकावर लावली आहे.
• नवीन सर फार कडक असणार.

पाचव्या चिठ्ठीवर वाद होतो आणि तो व्हायलाच हवा. 'आमोरिम यांनी असं सांगितलं' ही बातमी आहे, कारण ते सगळ्यांसमोर बोलले. पण त्यांनी सांगितलेलं पूर्ण खरं आहे का, हा वेगळा प्रश्न. 'अमुक असं म्हणाला' आणि 'अमुक घडलं' यांत फरक असतो, हे मोठ्यांनाही पटकन सुचत नाही. मुलांना मात्र चिठ्ठी हातात असली की सुचतं.

माझ्या वर्गात ही कृती घेतली तेव्हा अलोन्सो यांच्या चिठ्ठीवर एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण त्यांना यायचं होतं का, ते कुणी विचारलंच नाही?" मला वाटतं, सगळ्या गोष्टीचं सार या प्रश्नात आहे. दोन महिने लाखो लोक एका माणसाबद्दल बोलत होते, आणि तो माणूस दुसऱ्या गावात आपलं काम मन लावून करत होता. अफवेत ज्याचं नाव असतं त्यालाही एक मन असतं, घर असतं, त्याच्यावर भरवसा ठेवणारा संघ असतो. आपण लेव्हरकुसेनच्या एखाद्या लहान चाहत्याच्या जागी असतो तर? 'आपले सर चालले' हे रोज ऐकताना कसं वाटलं असतं? शिक्षकाची बदली झाल्यावर रडणाऱ्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही.

मुलं हमखास विचारतात असे दोन प्रश्न

"मग अफवा कधीच खरी नसते का?"

असते ना! ७ मे २०१३ च्या रात्री मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन निवृत्त होणार अशा बातम्या पसरल्या. २६ वर्षांहून जास्त काळ एकाच क्लबात असलेला माणूस असा अचानक जाईल हे कुणाला खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबने तेच जाहीर केलं, आणि ९ मे रोजी डेव्हिड मॉयेस यांची नेमणूकही झाली. म्हणजे ऐकीव गोष्ट खरी ठरू शकते. पण ती खरी ठरली ते ८ तारखेला. ७ तारखेच्या रात्री ती 'म्हणे'च्याच डब्यात होती. चिठ्ठी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाऊ शकते, फक्त पुरावा आल्यावर. आणखी एक मजा पाहा. मॉयेस यांना सहा वर्षांचा करार मिळाला होता, ही पक्की बातमी होती. म्हणून 'ते सहा वर्षं राहतील' हे मात्र पक्कं नव्हतं. एप्रिल २०१४ मध्येच त्यांना काढण्यात आलं. खऱ्या बातमीतूनही आपण चुकीचा अंदाज काढू शकतो.

"मग विश्वास कुणावर ठेवायचा?"

नावावर नाही, पद्धतीवर. तीन प्रश्नांची सवय लावा. हे कुणी सांगितलं, नाव आहे का? त्याला हे कसं कळलं असेल? आणि ज्याच्याबद्दल आहे, तो किंवा त्याची संस्था काय म्हणते? एकाच क्लबचं वार्तांकन वर्षानुवर्षं करणारे आणि चुकल्यावर दुरुस्ती छापणारे पत्रकार असतात. रोज पाच नावं फेकून त्यातलं एक बरोबर आलं की 'मी सांगितलं होतं' म्हणणारेही असतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसाची चुकलेली चार नावं वहीत लिहून ठेवायला सांगा. वहीसमोर फुशारकी टिकत नाही.

पालकांसाठी

मुलगा 'नक्की झालंय' म्हणत आला की लगेच 'काहीतरीच ऐकतोस' म्हणून झटकू नका. त्याला विचारा, "हे यावा आहे, येईल आहे, की म्हणे?" घरात हा खेळ दोन-चार दिवस चालला की तो तुम्हालाही विचारायला लागेल. तेव्हा रागवू नका! घरच्या ग्रुपवर आलेला औषधाचा उपाय, परीक्षेची बदललेली तारीख, कुठल्या तरी योजनेची शेवटची मुदत, हे सगळं पुढे पाठवण्याआधी त्याच्यासमोर मोठ्याने म्हणा, "हे कुणी सांगितलंय ते आधी बघू." मुलं आपलं बोलणं कमी आणि आपलं बोट कुठे दाबलं जातं ते जास्त बघतात.

आणि आणखी एक. 'माहीत नाही' म्हणायला मुलांना लाज वाटू देऊ नका. लिव्हरपूलच्या चाहत्यांना ११५ दिवसांतले बहुतेक दिवस एकच खरं उत्तर देता आलं असतं, 'अजून माहीत नाही'. ते उत्तर कंटाळवाणं आहे, त्यावर व्हिडिओ बनत नाही, कुणी लाईक करत नाही. पण ते पूर्ण उत्तर आहे. वाट बघता येणं हे वाचता-लिहिता येण्याइतकंच शिकवण्यासारखं कौशल्य आहे. ज्या मुलाला फुटबॉलच्या गप्पांत 'अजून माहीत नाही' म्हणता येतं, त्याला उद्या गावात एखाद्या अनोळखी माणसाबद्दल वाईट कुजबुज सुरू झाली तरी तसंच म्हणता येईल. तिथे मात्र प्रश्न खेळाचा नसतो.

स्वाध्याय

१) 'पाऊस पडणे' हे क्रियापद घेऊन इच्छा, अंदाज, ऐकीव आणि बातमी अशी चार वाक्ये लिहा.

२) आजच्या वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावरून 'समजते', 'शक्यता', 'चर्चा' असे शब्द असलेली तीन वाक्ये शोधा व ती कोणत्या डब्यात जातील ते सांगा.

३) शीर्षकात प्रश्नचिन्ह असलेली एक बातमी कापून वहीत चिकटवा. पंधरा दिवसांनी तिचं काय झालं ते खाली लिहा.

४) सट्ट्याच्या वर्तुळाची आकृती काढा. ते वर्तुळ कुठे तोडता येईल असं तुम्हाला वाटतं?

५) कल्पना करा की तुम्ही अलोन्सो आहात. तुमच्याबद्दलच्या अफवा वाचून तुमच्या संघातल्या मुलांना चार ओळींचं पत्र लिहा.

तिसरा प्रश्न आवर्जून घ्या. पंधरा दिवसांनी वह्या उघडल्या की वर्गात जी चर्चा होते, ती कोणत्याही व्याख्येपेक्षा जास्त शिकवून जाते. तुमच्या वर्गात ही कृती घेतलीत तर कोणत्या चिठ्ठीवर सर्वांत जास्त वाद झाला, ते मला जरूर कळवा. त्या चिठ्ठ्या जमवून पुढच्या सत्रात इयत्ता तिसरीसाठी सोपा संच तयार करण्याचा विचार आहे.